पट्टीची कड

स्पिन तरंगांच्या विषयात शिरायला पदवीपुरते भौतिकशास्त्र पुरते. लोहचुंबकी पदार्थात अणुचुंबक एकाच दिशेला रोखलेले असतात. एक कलला की शेजाऱ्याला कलावे लागते, मग त्याच्या शेजाऱ्याला. भोवऱ्याचा आस डुलावा तसे हे डुलणे पदार्थभर सरकत जाते. अणू जागचे हलत नाहीत. हाच स्पिन तरंग. फेलिक्स ब्लॉख यांनी १९३०मध्ये तो मांडला तो तापमानाबरोबर चुंबकन का घटते हे सोडवण्यासाठी. उपकरणांचा विचार पुष्कळ नंतरचा.

उपकरणांसाठी आज ओढ आहे ती तरंगलांबीची. १० गिगाहर्ट्झची विद्युतचुंबकीय लहर हवेत ३ सेंटीमीटर लांब असते. त्याच वारंवारतेचा स्पिन तरंग मायक्रोमीटरच्या घरात मावतो. त्यात ऊर्जा वाया जात नाही, असे उत्साहाने लिहिले जाते. ते अर्धेच खरे. यट्रियम आयर्न गार्नेटमध्ये तरंग मिलिमीटरभर टिकतो, पर्मलॉय या निकेल-लोह मिश्रधातूत काही मायक्रोमीटरांतच विरतो.

खरी गंमत पातळ पट्टीत आहे. पर्मलॉयची १ मायक्रोमीटर रुंद आणि काही दशक नॅनोमीटर जाडीची पट्टी घ्या. चुंबकी क्षेत्र लांबीच्या दिशेने लावले, तर लांब तरंगलांबीचे तरंग उलटे वागतात: शिखरे एकीकडे सरकतात, ऊर्जा दुसरीकडे जाते. तेच क्षेत्र रुंदीच्या दिशेने लावा. आता दोन्ही कडांवर ध्रुव उमटतात आणि त्यांचे क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राला विरोध करते. आतले क्षेत्र मध्यभागी जवळपास सपाट राहते, कडेजवळ मात्र झपाट्याने घसरते. मधल्या भागात ज्यांना थारा नाही असे कमी वारंवारतेचे तरंग मग कडेलगतच्या चिंचोळ्या वाटेतून धावतात. अमर्याद पसरलेल्या पातळ थराचे सूत्र इथे अपुरे पडते, आणि म्हणूनच पट्टी हा स्वतंत्र विषय ठरतो.

हे पाहायचे कसे? लेसरचा बारीक ठिपका पट्टीवर टाकून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता मोजतात. हिरव्या प्रकाशात बदल होतो तो लाखात एखाद्या भागाइतका. तरी तो नेमका पकडता येतो. ठिपका कडेकडे सरकवला की तिथला तरंग वेगळा दिसतो.

गणितात कड आखीव असते. लिथोग्राफीतून निघालेली पट्टी तशी नसते: कड खडबडीत, कधी उतरती, कधी ऑक्सिडीभूत. कडेचे तरंग याला फार संवेदनशील असतात. म्हणून शोधनिबंध हाती आला की आलेखांआधी पट्टीच्या कडेचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतले छायाचित्र पाहावे.