बांधकाम कामगारांचे ऑनलाइन सुरक्षा प्रशिक्षण

उंचीवरचे काम, खोदकाम, यारी, वीज आणि अवजड यंत्रे यांतील धोके बांधकाम कामगारांना मोबाइल किंवा संगणकावरून शिकवण्याची पद्धत. तिला १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाची पार्श्वभूमी आहे. पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत हा कायदा २०२५ पर्यंत सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी बंधनकारक करत होता. छोट्या कामांवर ही यंत्रणा नसते, आणि खरी उणीव तिथेच आहे. धामणगाव रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावात गवंडी, सेंट्रिंगवाले, रेजा रोजच्या ठेकेदारासोबत बदलत राहतात. सुरक्षा अधिकारी त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो. मोबाइलवरची चित्रफीत मात्र त्यांच्यापर्यंत पोचू शकते.

याच तालुक्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, ठाणे जिल्ह्यातील शहापूरजवळ, ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण दगावले. अशा यंत्राजवळ कुठे उभे राहू नये, हे चित्रफितीतून उत्तम दाखवता येते. यंत्राची तपासणी ही मात्र कंत्राटदाराची जबाबदारी. ती प्रशिक्षणाच्या नावाखाली कामगारावर ढकलता येत नाही.

पडद्यावर सुरक्षापट्टा पाहणे आणि परांचीवर तो भक्कम आधाराला अडकवणे यांत फार अंतर आहे. म्हणून प्रत्यक्ष सराव अनिवार्य. धडे छोटे, मराठी-हिंदीत, वाचता न येणाऱ्यालाही कळतील असे हवेत आणि शिकण्याच्या वेळेची मजुरी मिळायला हवी.