एक खण भरलेला, नव्याण्णव रिकामे

शाळेच्या कार्यालयातील एक कपाट डोळ्यांसमोर आणू या. त्याला शंभर खण आहेत. विद्यार्थ्याच्या जनरल रजिस्टरमधील क्रमांकाचे शेवटचे दोन अंक पाहायचे आणि त्याचा कागद त्या खणात ठेवायचा, असा लेखनिकाचा नियम. २४३७ क्रमांकाचा कागद ३७च्या खणात. ठेवण्यापूर्वी हाच क्रमांक आधी आलेला नाही ना, हे तो त्या खणातील कागद चाळून पाहतो. हजार कागद सारखे विभागले गेले तर प्रत्येक खणात दहा येतात आणि एकूण ४,५०० तुलनांत काम होते. आता कोणी खोडसाळपणे ३७ने संपणारेच हजार क्रमांक पाठविले तर? तुलना कराव्या लागतील ४,९९,५००! चोरीला काहीच गेले नाही, कपाटही शाबूत. पण दाखल्यासाठी उभ्या पालकांची रांग हलत नाही. संगणकाची सेवा अडविणे म्हणजे नेमके हेच.

या खणांच्या युक्तीला हॅशिंग म्हणतात. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी ती १९५३ साली एका टिपणात मांडली. पुढे बहुतेक संगणकभाषांनी ती स्वीकारली. सगळे कागद एकाच खणात पडले तर काय होईल, हे जाणकारांना ठाऊक होते. पण असे योगायोगाने घडणार नाही, म्हणून सारे निर्धास्त होते. कोणी ते मुद्दाम घडवील, ही शक्यता फारशी कोणी मनावर घेतली नाही.

२००३ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी ती मनावर घेतली. मुक्त स्रोत आज्ञावली कोणालाही वाचता येते, म्हणजे लेखनिकाचा नियम भिंतीवर टांगलेलाच! जाळ्यावर पहारा ठेवणाऱ्या 'ब्रो' या आज्ञावलीवर त्यांनी निवडक माहिती सोडली, तीही साध्या टेलिफोन मोडेमला झेपेल इतक्या संथपणे. सहा मिनिटांत पहारेकऱ्याच्या हातून ७१ टक्क्यांपर्यंत वाहतूक निसटू लागली.

उपाय अवघड नव्हता. काम सुरू होताना संगणकाने एक यादृच्छिक संख्या गुपचूप निवडायची आणि ती नियमात मिसळायची. मग कोणता कागद कुठे जाईल, हे बाहेरच्याला कळत नाही. पर्ल या भाषेने त्याच वर्षी हे केले. इतर अनेकांनी केले नाही. मूळ चूक आम्ही समजू शकतो. निबंध छापून आल्यानंतरची ही आठ वर्षे मात्र समजत नाहीत.

डिसेंबर २०११मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी तोच हल्ला पीएचपी, पायथन, जावा यांवर करता येतो हे दाखविले. मायक्रोसॉफ्टची एएसपी डॉट नेट ही प्रणालीही त्यात सापडली. तिचा स्रोत तर खुला नव्हता. तेव्हा नियम झाकून ठेवल्यानेही कोणी वाचले नाही. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती दिली. पीएचपीने एका विनंतीतून हजारांहून अधिक घटक न घेण्याची मर्यादा घातली. आमच्या मते ही केवळ मलमपट्टी होती. पायथनने २०१२मध्ये यादृच्छिक संख्या आणली, पण मिसळण्याची रीत इतकी कच्ची होती की ते गुपित शोधून काढता येई. अखेर जाँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांची सिपहॅश ही पक्की रीत मार्च २०१४च्या पायथन ३.४ आवृत्तीत बसविण्यात आली.