53-एन: एका बाटलीचे तास

आणे पठारावर शेणखत पडलेल्या रानातली मूठभर माती उचला. धनुर्वाताचे बीजाणू तिच्यात आहेत असं धरूनच चालावं. अशाच मातीनं 1902 साली परळच्या एका बाटलीला बट्टा लावला. त्या बाटलीचे तास मोजायलाच हवेत, कारण शेवटी न्याय त्या तासांनीच केला.

आधी: परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस भरली जाते. एका बाटलीवर खूण आहे, 53-एन. ती पंजाबात जाते.

शून्य तास: 30 ऑक्टोबर 1902, मुल्कोवाल गाव. 107 जणांना टोचायचं आहे. 53-एन उघडताना चिमटा जमिनीवर पडतो. मदतनीस तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवतो आणि त्यानंच बूच काढतो. एवढ्यानं बीजाणू मरत नाहीत. ही लस 19 जणांच्या अंगात जाते.

24 तास: अंग तापतं, पण लशीनं ताप येतोच. आत, हवा न पोचणाऱ्या मांसात, बीजाणू फुटू लागतात.

72 तास: जंतू विष सोडतात. ते चेतातंतूंच्या टोकातून शिरून कण्याकडे चढतं आणि स्नायूंना 'सैल हो' सांगणारा निरोप तिथंच अडवतं. त्यासाठी एका प्रथिनातला एकच बंध कापणं पुरतं. 70 किलोच्या माणसाला मारायला दोनशे नॅनोग्रॅमही लागत नाहीत. मिठाचा कण याहून शेकडो पट जड असतो.

सुमारे 168 तास: दातखीळ बसते. मग मान, मग पाठ धनुष्यासारखी ताणते. जरा आवाज झाला तरी झटका येतो. शुद्ध मात्र जात नाही, माणूस सगळं भोगतो. एकोणीसच्या एकोणीस जण गेले. बाकीच्या 88 जणांना धनुर्वात झाला नाही.

चौकशी आयोगानं दोष परळवर ठेवला, हाफकिन यांचं पद गेलं. 1907 साली रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांची बाजू लढवली. उघडताना बाटलीला वास नव्हता. जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर तिला घाण वास आला असता. आणि तयार विष टोचलं गेलं असतं तर लक्षणं आठवडाभर थांबली नसती. माझ्या मते हा पुरावा तेव्हाच दिसायला हवा होता. सरकारनं हाफकिन यांना पुन्हा कामावर बोलावलं. 1925 साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं.

1920च्या दशकात गास्ताँ रामों यांनी तेच विष फॉर्मालिननं निष्प्रभ करून लस केली. या विषाचं भावंड म्हणजे बोट्युलिनम. त्याचा 'बी' प्रकार तर प्रथिनाचा तोच बंध कापतो, पण कण्यात नव्हे, स्नायूपाशी; म्हणून स्नायू आखडत नाही, सैल पडतो. बोट्युलिनमच्या 'ए' प्रकाराला 1989 साली अमेरिकेत तिरळेपणावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली. आज सेरेब्रल पाल्सीनं आखडलेले मुलांचे पायही त्यानं सैल करतात.

रानात फाळ लागला, खिळा रुतला, तर हळद दाबून घरी बसू नका. जखम साबण-पाण्यानं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली होती ते डॉक्टरांना सांगा.