सोलापूरचा काटा आणि समुद्रातले कंटेनर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या मैत्रिणीने प्रेमळ दम दिला होता, "शाळेबद्दल लिही, तुझे कॉम्प्युटरचे पुराण नको." दोन्ही येतील असा विषय मी शोधला आणि तो निघाला समुद्राचा! सोलापूरपासून समुद्र चारशे किलोमीटर दूर. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो पहिल्यांदा सहलीतच पाहिला. तरीही या गोष्टीची सुरुवात आपल्या गावातच होते.

नववीत असताना आपल्या एका वर्गमित्राच्या वडिलांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आपण काही जण पाहायला गेलो होतो. आठवतंय? मागांच्या खडखडाटात कुणाचेच बोलणे ऐकू येत नव्हते. बाहेर ट्रेलरवर लोखंडी पेटारा उभा होता आणि कामगार त्यात टॉवेलचे खोके रचत होते. माल न्हावा-शेव्याला आणि तिथून जहाजाने परदेशी जाणार, असे काकांनी सांगितले. कागदावर वजन लिहिताना कारकुनाने खोक्यांची संख्या मोजली, मनात गुणाकार केला आणि आकडा टाकला. "वजन केले नाही?" असे एकाने विचारलेही. "अंदाज पक्का आहे आमचा," असे उत्तर आले. प्रयोगवहीत अंदाजे वाचन लिहिले की विज्ञानाच्या बाई पानावर लाल रेघ मारायच्या, म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिले.

त्या पेटाऱ्याचा इतिहास फार जुना नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकाच्या 'आयडियल एक्स' जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर नेले. तोवर गोण्या आणि गाठी हमालांच्या पाठीवरून एकेक करून चढत. पुढे पेटाऱ्यांची मापे जगभर एकसारखी झाली, तसे ते जहाजावर एकावर एक रचता येऊ लागले. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि सोलापूरच्या चादरी-टॉवेलांना मोठे दार उघडले.

पेटारे जहाजावर टिकतात ते कोपऱ्यातल्या फिरवून बसवायच्या कड्यांमुळे आणि तिरक्या आवळलेल्या लोखंडी सळ्यांमुळे. जड पेटारा खाली आणि हलका वर, हा रचण्याचा पहिला नियम. ऊस भरलेली ट्रॉली ज्याने वळणावर झुकताना पाहिली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

७ ऑगस्ट २०१० च्या सकाळी आपल्याच बंदराच्या तोंडाशी काय झाले, ते अनेकांना आठवत असेल. न्हावा-शेव्याहून निघालेले 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदराकडे येणारे 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली. दोन्ही जहाजांवरची माणसे वाचली. पण 'चित्रा' एका कुशीवर कलले आणि त्यावरच्या बाराशेहून अधिक कंटेनरपैकी दोन-तीनशे पाण्यात पडले. शेकडो टन तेल सांडले. काही पेटाऱ्यांत कीटकनाशके होती. अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर बिस्किटांचे पुडे वाहून आले. मासे खायचे की नाही, या धास्तीने बाजार बसला आणि कोळी बांधवांच्या पोटावर पाय आला.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. टीव्हीवर ते कललेले जहाज दिसत होते, पण बंदराची वाहतूक थांबली त्याला तेवढेच कारण नव्हते. सुटलेले पेटारे तरंगत होते, काही तळाशी गेले होते आणि नेमके कुठे, ते ठाऊक नव्हते. नौदल आणि तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरमधून तरंगते पेटारे शोधले, तर बुडालेल्यांसाठी ध्वनिलहरींनी तळ तपासला. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांचा रस्ता एकच असल्याने दोन्हीकडचा व्यवहार काही दिवस ठप्प झाला. त्या दिवसांत सोलापूरचाही माल धक्क्यावर अडकला असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

लोखंडी पेटारा तरंगतो कसा? याचे उत्तर आपल्याच पाठ्यपुस्तकात होते. २० फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच पेटारा पूर्ण बुडाला तर सुमारे ३९ टन समुद्राचे पाणी बाजूला सारतो. मालासह त्याचे वजन मात्र साधारण ३० टनांच्या आतच असते. म्हणजे आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे न फुटलेला पेटारा आधी तरंगणारच. मग दाराच्या फटींतून पाणी शिरते आणि तो हळूहळू खाली जातो. आत हवा धरून ठेवणारा हलका माल असेल तर त्याला कित्येक दिवस लागतात. धोका असतो तो याच दिवसांत. वीतभर कडा पाण्यावर, बाकी सगळा पाण्याखाली. रडारवर धड दिसत नाही आणि लाटांमध्ये डोळ्यांनाही दिसत नाही. मोठ्या जहाजाला ओरखडा पडेल, पण मासेमारी होडीचा तळच फुटायचा.

'चित्रा'चे पेटारे पडले ते टक्करीमुळे. तिथे वजनाचा दोष नव्हता. वजनाचा प्रश्न उघडा पाडला तो 'एमएससी नापोली'ने. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीतल्या वादळात या जहाजाचा सांगाडा तडकला. चौकशीत डेकवरच्या सुमारे ६६० कंटेनरचे प्रत्यक्ष वजन केले, तेव्हा १३७ पेटाऱ्यांत कागदावरच्या आणि काट्यावरच्या आकड्यात ३ टनांहून जास्त फरक निघाला. पाचात एक! हलका म्हणून वर ठेवलेला पेटारा जड निघाला की खालचे दबतात, वादळात सळ्या तुटतात आणि रांगच्या रांग समुद्रात जाते.

आता माझी कबुली. त्याच सुमारास मी मालवाहतुकीच्या एका सॉफ्टवेअरवर काम करत होते. आलेल्या नोंदी पाहताना वजनाच्या रकान्यात २०,०००, १८,०००, २५,००० असेच आकडे सारखे दिसायचे. इतके गोल आकडे काटा कधी दाखवत नाही. अशा नोंदीवर 'वजन खरोखर केले आहे का?' असा प्रश्न विचारणारी तपासणी मी बसवली. काम अडते, अशी ग्राहकाची तक्रार आली आणि तपासणी काढून टाकायला सांगितले गेले. मी ती काढली. मोठा वाद घातला, असे म्हणायला मला आवडले असते. पण घातला नाही. बाईंची लाल रेघ मी माझ्याच हाताने पुसली होती.

ती रेघ पुढे जगाने मारली. १ जुलै २०१६ पासून तपासून नोंदवलेल्या वजनाशिवाय कंटेनर जहाजावर चढवायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. एक तर भरलेला पेटारा काट्यावर न्यायचा, नाही तर प्रत्येक खोक्याचे वजन करून त्यात पेटाऱ्याचे वजन मिळवायचे. पडलेला माल शोधून, त्यावर खूण लावून, धोकादायक असेल तर तो काढण्याची जबाबदारी जहाजमालकावर टाकणारा नैरोबी करार २००७ मध्ये झाला आणि २०१५ मध्ये अमलात आला. भारत त्यात २०११ मध्येच सामील झाला होता. आणि १ जानेवारी २०२६ पासून कंटेनर पडला, किंवा वाहत असलेला दिसला, तर जवळच्या जहाजांना आणि किनाऱ्यावरच्या यंत्रणेला लगेच कळवणे कप्तानावर बंधनकारक झाले आहे.

म्हणून प्रश्न सुटला असे नाही. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा-३' सहाशे चाळीस कंटेनरसह बुडाले. त्यातल्या बारांत कॅल्शियम कार्बाइड होते. कार्बाइडला पाणी लागले की पेट घेणारा ॲसिटिलीन वायू निघतो, हे आपण शाळेतच शिकलो. केरळच्या किनाऱ्यावर पेटारे लागले आणि वाळूत प्लास्टिकचे बारीक दाणे पसरले. अशा वेळी पेटाऱ्यात काय आहे आणि किती आहे, हे कागदावर खरे लिहिलेले असेल तरच वाचवायला जाणारा माणूस सुरक्षित राहतो.

आपला जिल्हा उसाचा. 'काटा मारणे' म्हणजे काय आणि त्याने कुणाचे नुकसान होते, हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. कंटेनरचा काटा चुकला तर फटका बसणारा माणूस मात्र आपल्याला कधी दिसत नाही. तो असतो रात्री होडी घेऊन निघालेला कोळी, किंवा डेकवर सळ्या आवळणारा खलाशी.

आपल्या बॅचमधले काही जण आज स्वतः कारखाने चालवतात, माल बाहेर पाठवतात. कुणी हिशेब पाहते, कुणी माझ्यासारखे कॉम्प्युटरवर रकाने भरून घेते. त्या सर्वांना वर्गमैत्रीण म्हणून एवढेच सांगणे आहे, की वजनाच्या रकान्यात अंदाज लिहू नका. आणि बाई, तुम्ही हे वाचत असाल तर त्या वेळी पुसलेली रेघ मी पुन्हा मारली आहे. आता माझ्या हाताखालच्या मुलांनी अशी तपासणी काढायची म्हटली, तर त्यांना आधी मला पटवावे लागते. अजून कुणाला जमलेले नाही.