त्सारित्सिनो : राणी कधीच न राहिलेला राजवाडा

त्सारित्सिनो ही मॉस्कोच्या दक्षिण भागातील रशियन राजघराण्याची जुनी जागीर आहे. सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने ती १७७५ साली विकत घेतली. गावाचे तेव्हाचे नाव ‘चोर्नाया ग्र्याझ’, म्हणजे काळा चिखल! ते बदलून ‘त्सारित्सिनो’, म्हणजे राणीचे, असे ठेवले गेले.

वास्तुविशारद वसिली बाझेनोव्ह याने इथे लाल विटा आणि पांढऱ्या दगडात गॉथिक वळणाच्या इमारती उभारल्या. त्यासाठी त्याची जवळपास दहा वर्षे गेली. १७८५ मध्ये राणी पाहणीला आली, तिला मुख्य महाल आवडला नाही आणि पुढच्याच वर्षी तो पाडायला घेतला. कारण नेमके काय, यावर आजही वाद आहे. खोल्या अरुंद व अंधाऱ्या असल्याचे सांगितले जाते. पण आराखड्यात राणीला आणि तिचे ज्याच्याशी पटत नसे त्या मुलाला, पावेलला, सारखेच दालन होते, याकडे काही अभ्यासक बोट दाखवतात.

नवा महाल मात्वेय कझाकोव्हने बांधायला घेतला. १७९६ मध्ये राणी वारली, काम थांबले आणि महाल दोन शतके अपुराच राहिला. २००५ ते २००७ या काळात तो पूर्ण करण्यात आला. जे कधी पूर्णच झाले नव्हते त्याचा ‘जीर्णोद्धार’ कसा, हा टीकाकारांचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

आज महालात संग्रहालय आहे. नक्षीदार पूल, तळी, संगीत कारंजे आणि विस्तीर्ण उद्यानही पाहण्यासारखे आहे. जवळच त्याच नावाचे मेट्रो स्थानक आहे.