धावणे व मनःस्वास्थ्य : छत्रपती संभाजीनगर

झेपेल अशा वेगाने नियमित धावल्याने उदासी व चिंता हलकी होते, झोप सुधारते आणि ताण पेलण्याची ताकद वाढते. याचा पुरावा आता भक्कम आहे. मात्र माणूस कशासाठी, कोणाबरोबर आणि कोणत्या परिस्थितीत धावतो, यावर हा लाभ बराचसा ठरतो. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) मैदानांवर पहाटे हा फरक फार ठळकपणे दिसतो, म्हणून ही नोंद त्या शहराच्या संदर्भात केली आहे.

धावल्यावर येणारी तरतरी एंडॉर्फिन या शरीरातल्या अफूसदृश द्रव्यामुळे येते, असे सर्रास सांगितले जाते. धावताना रक्तातील एंडॉर्फिन वाढते हे खरे. पण त्याचे मोठे रेणू रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सहजी ओलांडत नाहीत. २००८ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दहा धावपटूंच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. दोन तास धावल्यानंतर मेंदूतच अफूसदृश द्रव्ये स्रवल्याच्या खुणा त्यांना मिळाल्या. उंदरांवरील २०१५ मधील प्रयोगांनी दुसरीकडे बोट दाखवले. चिंता कमी होणे आणि वेदना बोथट होणे हे परिणाम एंडोकॅनाबिनॉइड या द्रव्यांवर अवलंबून असल्याचे तिथे दिसले. ही द्रव्ये शरीर स्वतःच तयार करते, आणि स्निग्ध असल्याने ती मेंदूत सहज शिरतात. म्हणजे श्रेय एकट्या एंडॉर्फिनला देता येत नाही.

ही तरतरी काही तासांची. टिकाऊ बदल सावकाश होतात. व्यायामाने मेंदूतील पेशींच्या वाढीला पोषक असे प्रथिन वाढते. अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर नियमित झपझप चालणाऱ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण चिंताग्रस्तांसाठी ती मोलाची आहे. छातीत धडधड, धाप, घाम ही भीतीच्या झटक्याचीही लक्षणे असतात. धावणाऱ्याला ती रोज, स्वतःच्या इच्छेने अनुभवायला मिळतात आणि थांबल्यावर ओसरतात. धडधड म्हणजे संकट नव्हे, हे शरीर हळूहळू शिकते.

उपचार म्हणून धावण्याची पारखही झाली आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्य असलेले पन्नाशीपुढील १५६ जण होते. काहींना औषध, काहींना चालणे-धावण्याचा व्यायाम, काहींना दोन्ही दिले. औषधाचा गुण आधी दिसला. सोळा आठवड्यांनंतर मात्र तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. अ‍ॅमस्टरडॅममधील २०२३ च्या अभ्यासात १४१ रुग्णांपैकी बहुतेकांना औषध की धावणे हे स्वतः निवडता आले. ९६ जण धावण्याकडे गेले, ४५ औषधाकडे. दोन्हीकडे साधारण ४४ टक्के रुग्णांचा आजार ओसरला. धावणाऱ्यांचे वजन व रक्तदाबही सुधारले. पण ठरवलेला कार्यक्रम त्यांच्यातील ५२ टक्क्यांनीच पाळला. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते. धावणे गुण देते, टिकवणे अवघड. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा प्रश्न इथेच आहे, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा गावातल्या मैदानावर शोधावे लागते.

शहरात धावणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत : लेण्यांच्या डोंगरापायथ्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर, गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, हिमायत बाग, आणि चढाची हौस असणाऱ्यांसाठी गोगाबाबा टेकडी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला भिडतो, त्यामुळे धावायचे ते उजाडतानाच. नोकरदार आणि निवृत्त मंडळी गटाने येतात, सावकाश पळतात, नंतर चहाला थांबतात. बोलता येईल इतक्या वेगाने पळणे, ओळखीची माणसे, एखादा दिवस चुकला तर येणारा फोन : अ‍ॅमस्टरडॅममध्ये निम्म्या लोकांना जे टिकवता आले नाही, ते टिकते ते अशा सोबतीने. स्त्रियांना मात्र अंधारलेले रस्ते, मोकाट कुत्री आणि रोखलेल्या नजरा यांमुळे पहाटेची वेळ सहज मिळत नाही. त्यांच्यासाठी दिवाबत्ती आणि खुले मैदान हा मानसिक आरोग्याचाच प्रश्न आहे.

त्याच मैदानांवर दुसरा, फार मोठा गट असतो तो पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा. मराठवाड्याच्या खेड्यांतून येऊन, शहरात खोली करून, दिवसा अभ्यासिकेत आणि पहाटे ‘ग्राउंड’वर असणारी ही पोरे. पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण असतात. सेकंदासेकंदावर गुण ठरतात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, तर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. धावणे आयुष्य बदलते, हे इथे कुणाला पटवून द्यावे लागत नाही.

परंतु अशा धावण्याचा मनावरील परिणाम दुहेरी असतो. पहाटेची शिस्त, सोबत्यांची साथ, दर आठवड्याला उतरणारी वेळ यांनी बेकारीच्या काळात उभारी मिळते. जाहिरात लांबली, पिंडरी दुखावली किंवा खुल्या प्रवर्गाची २८ वर्षांची वयोमर्यादा जवळ आली, की तेच धावणे रोजची परीक्षा होते. दुखणे लपवून पळणारी, न पळता आल्यास सैरभैर होणारी मुले प्रशिक्षकांनी ओळखायला हवीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन यांनी १९७९ मध्येच धावण्याच्या व्यसनाविषयी लिहून ठेवले आहे. निवड झाली नाही म्हणून ज्याने धावणे सोडले, त्याला घड्याळ न लावता पुन्हा मैदानावर आणणे हे मित्रांच्या हातचे मोठे काम आहे.

तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेही जमत नाही. अशा माणसाला ‘जरा पळून ये, बरं वाटेल’ असे सांगणे म्हणजे त्याच्या अपराधी भावनेत भर घालणे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. शहरात ‘घाटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. उपचार सुरू असताना धावायला बहुधा हरकत नसते. सुरुवात आठवड्यातून तीनदा, काही मिनिटे चालणे आणि मिनिटभर पळणे अशी आलटून पालटून करावी. लिथियम घेणाऱ्यांनी मात्र उन्हाळ्यात विशेष जपावे : घामावाटे पाणी व मीठ गेल्याने रक्तातील लिथियम घातक पातळीपर्यंत चढू शकते. मानसविकारांवरील आणखी काही औषधांनीही उष्णता सोसण्याची क्षमता घटते. त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हात धावायला लागण्यापूर्वी औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक असते.