पानिपतची तलवार: कडक पोलाद की चिवट पोलाद?

पानिपत शहराबाहेर काला आमला गेलात, तर तिथे विटांचा एक स्तंभ आणि त्यावर लोखंडी सळई दिसते. तिथे उभं राहिलं की माणसं बहुधा एकच प्रश्न विचारतात. अब्दालीकडे दमास्कसच्या तलवारी होत्या, त्यांच्यापुढे आपल्या तलवारी मोडल्या, म्हणून आपण हरलो, हे खरं का?

खरं नाही. पण का खरं नाही, हे कळायला आधी खिशातला चाकू बाहेर काढावा लागेल.

चाकूच्या पात्याकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. धार टिकावी, म्हणजे पोलाद कडक हवं. आणि पातं मोडू नये, म्हणजे ते चिवट हवं. अडचण अशी की एक वाढवलं की बहुधा दुसरं घटतं. लोहार पातं लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवतो. आपण म्हणतो, पाणी दिलं. त्या क्षणी ते इतकं कडक होतं की दगडावर पडलं तर काचेसारखं तडकेल. म्हणून ते पुन्हा हलकं तापवायचं. साधारण 220 अंशांवर ते गवती पिवळं दिसतं, तेव्हा धार चांगली राहते. 300 च्या जवळ निळं पडतं, तेव्हा ते स्प्रिंगसारखं लवतं, पण धार लवकर जाते. रोजच्या वापराच्या चांगल्या घडीच्या चाकूचं पोलाद रॉकवेल मापावर 56 च्या आसपास ठेवतात. जपानी स्वयंपाकाच्या सुऱ्या 60 च्या वर जातात. भाजी सुरेख कापतात, पण हाडावर मारल्या तर धारेला खांडे पडतात. चाकूचं हे असं. मग घोडदौडीत, समोरच्याच्या चिलखतावर आदळणाऱ्या तीन फुटी पात्याचं काय होत असेल?

आता दमास्कस. नाव सीरियातल्या शहराचं, पण पोलाद मोठ्या प्रमाणावर आपल्याच दख्खनचं. नांदेडच्या सीमेपलीकडे, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथे मातीच्या बंद मुशीत लोखंड शिजवून पोलादाच्या वड्या काढत, आणि त्या विकत घ्यायला इराणचे व्यापारी येत. इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणत. त्यात कर्ब साधारण दीड टक्का, म्हणजे नेहमीच्या तलवारीच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, ती याच कर्बाच्या कठीण कणांच्या रांगांची. तेव्हा ‘त्यांचं जादूचं पोलाद’ म्हणताना आपण आपल्याच शेजारच्या भट्टीचं कौतुक करत असतो.

1794 साली मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी याचे नमुने लंडनला पाठवले. जॉर्ज पीअर्सन यांनी त्यांवर 1795 मध्ये निबंध वाचला. पुढे फॅरडे, जे स्वतः लोहाराचे चिरंजीव, तेही या पोलादाच्या मागे लागले. मला यात स्कॉट यांचं पत्र सगळ्यात मोलाचं वाटतं. हे पोलाद कशाला वापरतात, तर लोखंड कातायला, दगड फोडायच्या छिन्न्यांना, कानशींना, बंदुकीच्या चापात चकमक जिथे आपटते त्या भागाला. जिथे कमालीचा कडकपणा हवा, तिथे. आणि लोहारांची तक्रारही ते नोंदवतात: फार लाल केलं तर ते घडवता येत नाही, कामाला वेळ लागतो.

मग मराठा सरदार काय बांधत होता? याचं उत्तर नुकतंच घरी आलंय. नागपूरच्या पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात 47.15 लाख रुपयांना घेतली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पातं मात्र युरोपीय, सरळ, एकधारी. त्यावर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत लिहिलंय: ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’. फिरंग! म्हणजे परदेशी पातं आहे हे लपवलेलं नाही, मिरवलंय. रघुजी वारले 1755 मध्ये, पानिपतच्या सहा वर्षं आधी. ब्रिटनच्या राजसंग्रहात जी तलवार शिवरायांची म्हणून सांगतात, तिचंही पातं सतराव्या शतकातलं युरोपीय आहे.

हे फॅशनपायी होतं का? थोडं असेलही, दुर्मीळ वस्तूचा मान सगळीकडे असतो. पण पोलादही तसंच होतं. फिरंगीची लांब पाती चिवटपणाकडे झुकवलेली. वाकतील, पुन्हा सरळ होतील, बोथट झाली तर रात्री छावणीत शिकलगार धार लावून देईल. मोडलेल्या पात्याला शिकलगार काय करणार? 1924 मध्ये चोके नावाच्या धातुतज्ज्ञाने हेन्री मोझर यांच्या संग्रहातल्या जुन्या दमास्कस पात्यांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा जर्मनीतल्या झोलिंगेनच्या पात्यापुढे ती कमी पडली. दमास्कस वाईट होतं असं मी म्हणत नाही. उत्तम कारागिराच्या हातचं उत्तमच असे. पण एकाने दुसऱ्याची तलवार काकडीसारखी कापावी, इतका फरक पोलादात नव्हता.

14 जानेवारी 1761 ला भाऊसाहेबांच्या फौजेपाशी तलवारी होत्या. धान्य नव्हतं. नोव्हेंबरपासून वेढल्यासारखी झालेली छावणी, उपाशी घोडी, तुटलेली रसद. समोर अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या जंबुरका. जंबुरकेच्या गोळीला पातं कडक आहे की चिवट, याने काही फरक पडत नाही.

रघुजींची तलवार पाहायचा योग आला, तर सोन्यावरच थांबू नका. मुठीखाली पात्याला दोन्ही बाजूंनी आधार दिलाय का, आणि पात्यावरून लांब खाच किती दूर जाते, ते बघा. खाचेमुळे पातं हलकं होतं आणि ताठ राहतं. पुढच्या भागात त्या जंबुरकांकडेच वळू.